आईकडचं येस

२ सप्टेंबर

इंग्रजी शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं आहे की रोज संध्याकाळी चार ओळी इंग्रजीत लिहायच्या, दिवसभरात काय झालं ते. काल दोन ओळींतच गाडी अडली. 'आय वेन्ट टू क्रेन. आय केम फ्रॉम क्रेन.' मधलं सगळं राहूनच गेलं. म्हणून मधलं इथे मराठीत लिहितो. बाईंना दाखवायचं नाही.

बंदराचा धक्का नव्या मालकांकडे गेल्यापासून वॉकी-टॉकीवर फक्त इंग्रजी बोलायचं असा नियम झाला आहे. जहाजं देशोदेशीची, खाली माल लावणारी माणसंही आता देशोदेशीची, तेव्हा सगळ्यांना मिळून एक भाषा हवी हे मला पटतं. महिनाअखेरीस तोंडी परीक्षा आहे. पास झाला तो क्रेनवर राहील, नापास झाला तो गोदामात बसेल.

गोदामात बसणं काही वाईट नाही. पण अर्धं आयुष्य मी त्या केबिनमध्ये काढलं आहे. खाली पाणी, वर आभाळ, आणि मध्ये बोलायला कुणी नाही. सकाळी शिडीला हात लावून देवाचं नाव घेतो आणि चढतो. कमी बोलणाऱ्या माणसाला अशी जागा मिळणं ही त्याचीच कृपा, असं मी धरून चाललोय.

शेजारच्या क्रेनवर भोंगा असतो. त्याचं बोलणं वॉकीशिवायही ऐकू जातं म्हणून हे नाव. तो म्हणाला, "अण्णा, तू परीक्षेत गप्प बस. तुझं गप्प बसणं कुठल्याही भाषेत चालतं."

५ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत बाईंचा वर्ग असतो. इंग्रजी ही बाईंची घरचीच भाषा. त्यामुळे त्या ती नीट उच्चारायचे कष्ट घेत नाहीत. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी एकेक शब्द ठोकून बसवायचे. डब्ल्यू-ए-टी-ई-आर वॉटर, वॉटर म्हणजे पाणी. त्यातला 'ट' पार मागच्या बाकापर्यंत वाजायचा. बाईंच्या तोंडात तो 'ट' विरघळतो. 'वॉ-अ' असं काहीतरी म्हणतात आणि पाणी कुठे गेलं ते कळत नाही. वाक्याची सुरुवात माझ्या हाती लागते, शेवटही लागतो, मधलं निसटतं.

येस म्हणजे हो आणि नो म्हणजे नाही, एवढे दोन शब्द मात्र पक्के आहेत. ते कुणाच्याही तोंडात बदलत नाहीत.

वर्गानंतर बाईंनी चहा मागवला. "यू डोन्ट टेक शुगर?" त्यांनी विचारलं. मला डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. "येस," मी म्हटलं. त्यांनी दोन चमचे घातले आणि कप पुढे केला. मोठ्या मनानं दिलेलं नाकारू नये म्हणून प्यालो.

८ सप्टेंबर

आज नवा जोडीदार आला. जहाजाच्या पोटात माल उतरवताना मला वरून खालचं काहीच दिसत नाही. खाली उभा असलेला माणूस वॉकीवर सांगेल तसा मी हुक हलवतो. म्हणजे डोळे त्याचे आणि हात माझे. आमचा जुना जोडीदार आमच्याच भाषेतला होता, तो नोकरी सोडून गेला. हा कंत्राटदारानं दूरच्या देशातून आणलेला, चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. इंग्रजी त्याचीही घरची भाषा नाही.

पहिल्या खेपेलाच गंमत झाली. गठ्ठा खाली येत होता आणि तो वॉकीवर म्हणू लागला, "ईझी, ईझी." ईझी म्हणजे सोपं हे मला माहीत होतं. मला वाटलं, नवा माणूस आहे, काम सोपं आहे म्हणून खूश दिसतोय. मीही म्हटलं, "येस, ईझी," आणि होतो त्याच वेगानं सोडत राहिलो. त्यावर तो ओरडला, "ईझी! ईझी!" तेव्हा मी थांबलो.

घरी लेकीला विचारलं तर ती पोट धरून हसली. "बाबा, ईझी म्हणजे सावकाश. तो तुम्हाला हळू घ्या म्हणत होता."

दुपारपर्यंत सगळ्या धक्क्यावर त्याचं नाव ईझी पडलं होतं. भोंगा असल्यावर वेळ कशाला लागतो.

११ सप्टेंबर

लेक फोनवर बोलायची नोकरी करते. आतल्या खोलीचं दार लावून परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. दारातून मला दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज ऐकू येतो. तो आवाज नाकातून निघतो, 'र' गोल फिरवतो, आणि दर वाक्याच्या शेवटी जिना चढतो. मग दार उघडतं आणि माझी लेक बाहेर येऊन विचारते, "बाबा, दूध तापवलं का?"

मी तिला म्हटलं, "तुला दिवसभर दुसऱ्याच्या आवाजात बोलताना कसं वाटतं?"

"युनिफॉर्म घातल्यासारखं," ती म्हणाली. "घरी आलं की काढायचा."

"पण तू तर घरीच असतेस."

"म्हणून तर दार लावते ना."

१६ सप्टेंबर

ईझीला 'फ' म्हणता येत नाही. तो 'पिनिश' म्हणतो. मला 'व' दोन प्रकारचे असतात हे बाईंकडून आत्ता कळलं, आणि दोन्ही मी एकसारखेच म्हणतो. म्हणजे दोघांच्याही तोंडात एकेक दात कमी. पण तो शब्द मांडतो मात्र नीट, पायरीवर पाय ठेवावा तसा. "लेप्ट. लेप्ट. स्टॉप. डाऊन. ईझी." त्यातला एकही मला चुकत नाही. बाईंच्या इंग्रजीत मी बुडतो आणि ईझीच्या इंग्रजीत माझे पाय टेकतात.

इतरांना तसं वाटत नाही. आज डबा खाताना भोंग्यानं त्याची नक्कल केली, "पिप्टी पीट, पिनिश!" सगळे हसले. ईझी लांब बसून खात होता. त्याला भाषा कळत नसली तरी हसणं कळलं असणार. मी हसलो नाही, पण थांबवलंही नाही.

"अण्णा, तुला खरंच कळतं तो काय बोलतो ते?" भोंग्यानं विचारलं.

"कळतं की."

"मग पास झालास तू. बाईंनासुद्धा कळत नाही त्याचं."

२२ सप्टेंबर

ईझीचा हात गठ्ठ्याखाली सापडला. माझ्या क्रेनच्या गठ्ठ्याखाली. त्याला घेऊन गेले. आज आणखी लिहिता येत नाही.

२३ सप्टेंबर

हात राहील म्हणतात. बोटांचं काही सांगत नाहीत.

काय झालं ते एकदा सरळ लिहून काढतो. लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा जहाजाच्या पोटात उतरत होता. खाली लाकडी ठोकळे मांडलेले असतात, त्यावर तो टेकवायचा, म्हणजे दोर काढून घेता येतो. गठ्ठा ठोकळ्यांच्या वीतभर वर असेल. मी तो अगदी हळू सोडत होतो. ईझीनं विचारलं, "ब्रेक नॉट ऑन?" मी लगेच उत्तर दिलं, "येस." विचारलं तेवढ्याचंच, सरळ. ब्रेक लागलेला नव्हताच, मी अजून सोडतच होतो.

आणि त्यानंतर तो आत गेला. एक ठोकळा तिरका झाला होता, तो सरळ करायला त्यानं हात घातला. वॉकीवर तो ओरडला ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. मी ब्रेक मारला, उचललं.

पुन्हा पुन्हा तेच मनात येतं. ब्रेक लागलेला नाही असं मी सांगितल्यावर तो आत गेलाच कसा? इतका सावध माणूस. आज प्रार्थनेत त्याच्या बोटांसाठी मागणं मागितलं. मध्येच त्याचा रागही आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली.

२६ सप्टेंबर

आज चौकशी. मालकांच्या मुख्य कचेरीतून एक साहेब आले आहेत. तेही बाईंसारखेच, घरच्या इंग्रजीचे. शेजारी आमचे मॅनेजरसाहेब बसले होते. ते आपल्याच भाषेतले, शिकलेले.

वॉकीवरचं सगळं बोलणं आता टेप होतं. साहेबांनी ती टेप ऐकवली. ईझीचा प्रश्न आला, मागोमाग माझं "येस". अगदी स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला. माणसं विसरतात, फिरवतात, पण यंत्रात जसंच्या तसं होतं.

"दॅट्स यू?" साहेबांनी विचारलं.

"येस."

"अँड द ब्रेक वॉजन्ट ऑन?"

"येस," मी म्हटलं. लागलेला नव्हताच, लपवायचं काय?

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. समोरच्या कागदावर क्रेनच्या यंत्राची नोंद होती, त्यावर बोट ठेवून त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मीही पुन्हा तेच उत्तर दिलं. मग ते मॅनेजरसाहेबांशी पटापट बोलू लागले. त्यातला 'लाइंग' एवढा शब्द मला कळला. लाइंग म्हणजे आडवं पडणं, हे बाईंनी गेल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ईझी दवाखान्यात पडून आहे, त्याची विचारपूस करत असावेत. एवढ्या मोठ्या माणसाला त्याची काळजी आहे हे पाहून बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावतील.

२८ सप्टेंबर

ईझीला भेटून आलो. सफरचंदं नेली होती. मग लक्षात आलं, एका हातानं तो ती कापणार कशी. बाजूच्या रुग्णाच्या बायकोकडून सुरी घेऊन मीच कापली. त्यानं एकही फोड खाल्ली नाही. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर ठेवलेला.

तो म्हणाला, "यू सेड येस."

"येस," मी म्हटलं. "आय सेड येस."

"व्हाय?"

"यू आस्क. आय सेड."

"यू सेड येस!" तो ओरडला. नर्सनं वळून पाहिलं.

"येस!" माझाही आवाज चढला. इतक्या वर्षांत माझा आवाज असा कुणावर चढला नव्हता.

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी फोडींवर बशी झाकून निघालो. रस्त्यानं चालताना वाटत राहिलं की हे भांडण तरी कसलं? तो म्हणतो मी येस म्हटलं, मीही म्हणतो मी येस म्हटलं. दोघांचं एकच म्हणणं आणि तरी तो माझं तोंड पाहायला तयार नाही.

३० सप्टेंबर

मॅनेजरसाहेबांनी बोलावून घेतलं. दार लावलं.

"अण्णा, टेपवर तुमचं येस आहे."

"आहे ना साहेब. अगदी स्वच्छ."

"अहो, तेच तर झंझट आहे!" ते उठून उभेच राहिले. "तुम्ही कळून करताय की न कळून, मला समजत नाही. साहेबांचं मत तुमच्याविषयी चांगलं नाही. पण मी तुम्हाला ओळखतो. एक मार्ग आहे. गुरुवारी ते विचारतील तेव्हा एवढंच सांगा की त्याचे उच्चार तुम्हाला कळले नाहीत. तो काहीतरी बोलला, तुम्हाला वाटलं थांबायला सांगतोय, तुम्ही येस म्हटलं. संपलं."

"पण मला त्याचं कळलं होतं."

"ते मला सांगितलंत, पुरे झालं. त्याचं बोलणं कळत नाही हे सगळा धक्का सांगेल. माणूस कंत्राटदाराचा आहे. असा माणूस का पाठवला, हे कंत्राटदार निस्तरेल."

"आणि ईझी?"

"घरी जाईल."

"त्याच्या हाताचं दुसरं ऑपरेशन व्हायचंय, साहेब."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुम्ही आधी स्वतःचं पाहा," ते म्हणाले. "गुरुवारी नीट बोललात तर क्रेन तुमची. तुमची परीक्षा चौकशीपायी थांबवली आहे, तिचंही मी बघतो."

मला एवढं कळेना की मी खरं बोललो असताना मला मार्ग कशाला हवा.

१ ऑक्टोबर

आज जे कळलं ते लिहून ठेवतो.

सकाळी जेवताना मॅनेजरसाहेबांचं बोलणं घरात सांगितलं. लेक ऐकत होती. तिनं विचारलं, "बाबा, त्यानं शब्दशः काय विचारलं होतं?"

"ब्रेक नॉट ऑन?"

"आणि तुम्ही?"

"येस."

तिचा घास हातातच राहिला. "बाबा, तिथे नो म्हणतात."

"नो कसं? नो म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, ब्रेक लागलाय."

"नाही बाबा. येस म्हटल्यावर त्याला वाटलं, लागलाय."

तिनं ताट बाजूला सारलं. "हे बघा. मी तुम्हाला विचारलं, पाणी आलं नाही? आणि आलेलं नाहीये. तुम्ही काय म्हणाल?"

"हो, आलं नाही."

"बरोबर. आपण समोरच्या माणसाला हो म्हणतो. तुझं बरोबर आहे, असं. ते इंग्रजीवाले, आणि तुमचा ईझीही, माणसाला हो म्हणत नाहीत, गोष्टीला म्हणतात. गोष्ट झाली असेल तर येस, झाली नसेल तर नो. कुणी कसंही विचारो. आम्हाला नोकरीत पहिल्याच आठवड्यात हे घोटून घेतात, कारण आपल्यातला प्रत्येक जण इथे चुकतो."

मी तिला पुन्हा विचारायला लावलं. दार लावलं नाही? तू गेली नाहीस? त्याला दिसलं नाही? दर वेळी माझ्या तोंडून 'हो' आलं आणि दर वेळी तिनं मान हलवली. बाईंची दोन चमचे साखर आठवली. चौकशीत मी साहेबांना दोनदा ठासून 'येस' म्हटलं ते आठवलं. यंत्राची नोंद सांगत होती की ब्रेक लागलेला नव्हता, आणि मी त्यांच्या तोंडावर सांगत होतो की लागलेला होता.

"लाइंग म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"आडवं पडणं."

"आणखी काही?"

तिला सांगावं लागलं.

मी हात धुवायला उठलो तो बराच वेळ नळापाशीच उभा राहिलो. देव माणसाच्या मनातलं ऐकतो, तोंडातलं नाही, असं मी आजवर मानत आलो. पण ईझी काही देव नाही. त्याला तोंडातलंच ऐकू येणार. त्यानं ऐकलं, विश्वास ठेवला आणि हात आत घातला.

२ ऑक्टोबर

आज कामावरून आल्यावर बायको जवळ येऊन बसली. भाजी निवडत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"उद्या काय सांगणार?"

"बघू."

"बघू म्हणजे ठरलंय तुमचं," ती म्हणाली. "अहो, खोटं बोला असं मी म्हणत नाही. एक वाक्य कमी बोला. नाहीतरी तुम्ही कमीच बोलता."

"एक वाक्य कमी बोललो की तो दोष त्याच्या उच्चारांवर जातो."

"जाऊ दे ना! त्याला तुम्ही मुद्दाम दुखवलंत का? तुम्हाला माहीत होतं का? गुरुजींनी शिकवलं तसं बोललात. गोदामातल्या धुळीत तुमचा खोकला काय होईल, कधी विचार केलाय? आणि शिडी चढून वर गेल्याशिवाय तुम्हाला करमत नाही, हे मी इतकी वर्षं बघतेय."

तिनं निवडलेली भाजी पुन्हा न निवडलेल्यात टाकली, आणि ते लक्षात आल्यावर माझ्यावरच चिडली.

प्रार्थनेला बसलो पण शब्द जुळेनात. देवाकडे मागायचं तरी काय? केबिन राहू दे म्हणालो, तर ते ईझीच्या हातावरून जातं. शेवटी नुसताच बसून राहिलो.

लेकीला विचारून दोन वाक्यं पाठ केली आहेत.

३ ऑक्टोबर

चौकशी झाली. जसं झालं तसं लिहितो.

खोली तीच. साहेब, मॅनेजरसाहेब, मी. मॅनेजरसाहेबांनी मला खुर्ची स्वतः ओढून दिली. साहेब आज हळू बोलत होते, लहान मुलाशी बोलावं तसं. त्यांनी आधीच बरंच काही ऐकलेलं दिसत होतं. ईझीचे उच्चार किती अवघड, सगळ्यांना कसा त्रास होतो, ते सगळं. मॅनेजरसाहेब मान हलवत होते.

मग साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सो, यू डिडन्ट अंडरस्टँड हिम?"

पाठ केलेली वाक्यं जागेवर नव्हती. माझ्या तोंडात पहिलं आलं ते 'नो'. नाही साहेब, तसं नाही, कळलं होतं. ओठांपर्यंत आलं आणि मी ते तिथेच अडवलं. मी 'नो' म्हणायचा अवकाश, साहेब लिहून घेणार की कळलं नव्हतं. मॅनेजरसाहेबांना हवं तेच, आणि माझ्या मनात त्याच्या बरोबर उलट. मग 'येस' म्हणू? साहेबांच्या हिशेबानं ते खरं. पण माझ्या कानाला ते सरळ खोटं वाटत होतं, हो साहेब, नाही कळलं. आणि एकदा दगा दिलेल्या त्या शब्दावर आता कसा भरवसा ठेवणार?

क्षणभर असंही वाटलं की 'नो' म्हणून टाकावं. माझ्या मनात ते खरंच राहील. साहेब चुकीचं लिहितील, केबिन राहील, आणि खोटं मी बोललेलोच नसेन. असा विचार माझ्या मनात आला हे इथे लिहून ठेवतो.

"अण्णा," मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, "साहेब थांबलेत."

मी दोन्ही शब्द सोडून दिले. म्हटलं, "आय अंडरस्टुड हिम. एव्हरी वर्ड."

मॅनेजरसाहेबांनी डोळे मिटले.

साहेब पुढे झुकले. "देन व्हाय डिड यू से येस?"

"ब्रेक वॉज नॉट ऑन. ही आस्क, नॉट ऑन? आय से येस." पुढचं मला सांगता येईना. आपण माणसाला हो म्हणतो आणि तुम्ही गोष्टीला, हे इंग्रजीत कसं सांगू? हे माझ्या मातृभाषेतलं येस आहे असं म्हणायचं होतं. तोंडून आलं, "सर, माय येस इज फ्रॉम माय मदर."

साहेबांना वाटलं असावं की माझं डोकं फिरलं. ते हसले मात्र नाहीत. मी टेबलावरचा रिकामा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "सर, यू आस्क, नो वॉटर? आय लुक. नो वॉटर. आय से येस. येस, यू आर राइट, नो वॉटर." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी, येस. यू, नो. सेम ग्लास."

साहेब त्या पेल्याकडे बघत होते. मग त्यांनी मॅनेजरसाहेबांना काहीतरी विचारलं. शब्द सगळे लागले नाहीत, पण विचारलं काय ते कळलं. तुमच्या भाषेत असं आहे का?

मॅनेजरसाहेबांच्या मनात काय चाललं होतं कुणास ठाऊक. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे. "इट इज," ते म्हणाले. "आय शुड हॅव थॉट ऑफ इट."

साहेबांनी लिहायला घेतलं, आणि ते खूप वेळ लिहीत होते.

८ ऑक्टोबर

निकाल कळला. ईझीची चूक नाही असं लिहिलं गेलं आहे. त्याचं ऑपरेशन मालक करतील आणि हात बरा झाल्यावर त्याला काम देतील. मला क्रेनवरून काढलं आहे, कायमचं. सोमवारपासून गोदाम. वॉकीवर आता नुसतं येस किंवा नो म्हणायची बंदी आहे, पूर्ण वाक्य बोलायचं.

"तुझ्यापायी आम्हाला आता ब्रेकचं व्याकरण पाठ करावं लागणार," भोंगा म्हणाला. मग त्यानं जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "अण्णा, मी पण येसच म्हटलं असतं रे."

दुपारी लेकीला घेऊन दवाखान्यात गेलो. तिनं ईझीला सगळं समजावून सांगितलं, तिच्या घरच्या आवाजात, युनिफॉर्म न घालता. तो ऐकत होता. दोन बोटं वळणार नाहीत असं डॉक्टरांचं त्याला सांगून झालं आहे. त्यानं मला माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि मीही माफी मागितली नाही. त्या पांढऱ्या गाठोड्याकडे बघून तो म्हणाला, "बॅड येस."

"व्हेरी बॅड येस," मी म्हटलं.

त्यानं डाव्या हातानं खुर्चीकडे बोट केलं. मी बसलो.

घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. निकाल तिला फोनवर कळला होता, तरी तिला तो माझ्या तोंडून ऐकायचा होता.

"म्हणजे आता वर चढायचं नाही?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तिला ते पुन्हा विचारावं लागलं नाही. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही आत गेलो.